पत्त्यांचे गणित : मळखेड ते मोबाइल

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा लेखी मजकूर)



पत्रिकेत माझा विषय छापून आला तेव्हापासून मला दोन तऱ्हेचे प्रश्न येत आहेत. वडीलधारे विचारतात, ‘सर, गणपतीपुढे जुगाराचे व्याख्यान?’ आणि मुले हळूच विचारतात, ‘सर, जिंकायचे कसे ते सांगणार ना?’ दोघांनाही मी एकच सांगितले : या, बसा, आणि येताना कागद-पेन आणा.

मी नोकरीभर गणित शिकवले. संभाव्यतेचा धडा दरवर्षी यायचा. पेटीत पाच लाल आणि तीन पांढरे चेंडू आहेत, न बघता दोन काढले तर वगैरे. मुले उत्तर बरोबर काढायची आणि विसरून जायची, कारण त्या पेटीशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते. पत्त्यांशी मात्र सगळ्यांचे देणेघेणे असते. गणपतीच्या जागरणाला मांडवामागे सतरंजी पसरून तीनपत्तीचा डाव बसतो, हे इथे कुणाला नवे नाही. कोण कोण बसते तेही मला ठाऊक आहे. नावे घेत नाही, निश्चिंत असा. गेल्या काही वर्षांत तो डाव सतरंजीवरून उठून खिशातल्या मोबाइलमध्ये गेला, आणि तीनपत्तीच्या शेजारी पोकर नावाचा पाहुणा येऊन बसला. मला बोलायचे आहे ते या पाहुण्याच्या हिशेबावर. पण सुरुवात घरच्या खेळापासून करू.

बावन्न पत्त्यांतून तीन पाने किती प्रकारे येऊ शकतात? ५२ गुणिले ५१ गुणिले ५०, भागिले १ गुणिले २ गुणिले ३. उत्तर २२,१००. वरच्या ओळीत उतरते आकडे, खालच्या ओळीत चढते आकडे, दोन्ही गुणून भागाकार करायचा, ही रीत आपण इंग्रजी पुस्तकातून शिकलो म्हणून ती विलायतेची वाटते. ती सर्वसाधारण नियम म्हणून लिहून ठेवणाऱ्यांत अगदी आधीचे नाव महावीराचार्यांचे आहे. ग्रंथ ‘गणितसारसंग्रह’, काळ नवव्या शतकाचा मध्य. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाची स्तुती केली आहे, म्हणून ते त्याच्या आश्रयातले मानले जातात. आणि अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आपले मळखेड. कलबुर्गीहून सेडमच्या वाटेवर, कागिण्याच्या काठी, पडका किल्ला आहे तेच. सिमेंटच्या ट्रकांमागून आपण शंभरदा तिथून गेलो असू. तिथल्या राजाच्या आश्रयाने लिहिणाऱ्या माणसाने हा नियम सांगितला, आणि उदाहरण दिले जेवणाच्या चवींचे : तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट, गोड या सहा रसांतून किती मिश्रणे होतील? उत्तर त्रेसष्ट. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी आली.

तर या २२,१०० हातांची वाटणी अशी आहे. ट्रेल, म्हणजे तीन सारखी पाने, ५२. एकाच रंगाची सिक्वेन्स, जिला पक्की म्हणतात, ४८. साधी सिक्वेन्स ७२०. कलर १,०९६. जोडी ३,७४४. आणि यातले काहीच नाही असे हात १६,४४०. म्हणजे चारातले जवळजवळ तीन हात रिकामे. जोडी किंवा त्याहून बरे काही दर चार हातांत एकदा. हे एवढे जरी डोक्यात राहिले तरी जोडी हातात आली म्हणून जो माणूस एकदम ताठ बसतो, तो का ताठ बसतो हे कळेल. त्याचे बरोबरच असते.

त्यात एक गंमत बघा. पक्की सिक्वेन्स ४८ वेळा आणि ट्रेल ५२ वेळा. म्हणजे पक्की अधिक दुर्मीळ, तरी खेळात ट्रेल मोठी धरतात. नियम ठरवणाऱ्यांनी मोजले नाही, नजरेला जे भारी दिसले ते वर ठेवले. मला हा चार हातांचा फरक फार आवडतो. आपण ज्याला मोठे नशीब म्हणतो ते पुष्कळदा असेच ठरलेले असते.

ट्रेल ४२५ हातांत एकदा येते. पाच जण बसले आणि रात्रभरात शंभर डाव झाले तर पाचशे हात वाटले जातात. म्हणजे एखादी ट्रेल पडणे यात चमत्कार काहीच नाही. पण पुढची दहा वर्षे ‘त्या वर्षी मला तीन राजे आले होते’ हे आपल्याला ऐकावे लागते, आणि बाकीच्या चारशे नव्याण्णव हातांचे कुणी नाव काढत नाही.

इथवर मोजदाद झाली. आता पैसा मधे आणू, कारण नुसत्या शक्यतेला किंमत नाही. शक्यता आणि भाव दोन्ही समोर ठेवल्याशिवाय निर्णय होत नाही. बाजारात तूर चांगली आहे एवढे कळून भागत नाही, क्विंटलला काय म्हणतात ते विचारावे लागते.

पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मधे पाच पाने सगळ्यांची मिळून उघडली जातात, आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. दर टप्प्याला पैसे लावायचे. मधे जी रास साठते तिला पॉट म्हणतात. या सातांतली उत्तम पाच पाने ज्याची, रास त्याची.

समजा तुमच्या हातात बदामचा एक्का आणि बदामची सत्ती आहे. मधे चार पाने उघडली आहेत, त्यांत दोन बदाम. आता आणखी एक बदाम आले की तुमचा पाच बदामांचा कलर, तोही एक्क्याचा. डाव जवळजवळ तुमचाच. नाही आले तर हातात काही नाही. बदाम एकूण तेरा, चार दिसली, उरली नऊ. पाने एकूण बावन्न, तुम्हाला दिसली सहा, न दिसलेली शेहेचाळीस. शक्यता शेहेचाळिसात नऊ. साधारण साडेएकोणीस टक्के, म्हणजे पाचांत एकदाला थोडे कमी.

मधे ६५० रुपये आहेत. समोरच्याने २०० लावले. मधे झाले ८५०. तुम्हाला पुढचे पान बघायचे तर २०० टाकावे लागतील. टाकावेत का?

नशिबाचा, मनाच्या कौलाचा, ‘आज माझा दिवस आहे’ याचा इथे काही संबंध नाही. भागाकार करा. तुम्ही टाकल्यावर रास होईल १,०५०. त्यातले तुमचे नवे २००. दोनशे भागिले एक हजार पन्नास, म्हणजे एकोणीस टक्के. तुम्हाला एकोणीस टक्क्यांचा भाव मागितला जातो आहे आणि तुमच्याकडे माल साडेएकोणीस टक्क्यांचा आहे. घ्या. समोरच्याने २००च्या जागी ६५० लावले असते तर? रास १,३००, तुम्ही टाकायचे ६५०, एकूण १,९५०. भाव तेहेतीस टक्के. माल तोच साडेएकोणीसचा. पाने खाली ठेवा. आणि शंभरच लावले असते तर भाव जेमतेम बारा टक्के, डोळे झाकून घ्या. तिन्ही वेळा पाने तीच, बदाम तेच, निर्णय वेगळे. याला पोकरवाले पॉट ऑड्स म्हणतात. मी त्याला राशीचा भाव म्हणतो.

मनात झटपट करायचा एक आडाखा आहे. उपयोगी पाने मोजा, एकच पान यायचे असेल तर दुप्पट करा, दोन यायची असतील तर चौपट. नऊ पानांचे अठरा टक्के, किंवा छत्तीस. खरे आकडे साडेएकोणीस आणि पस्तीस. चालते. पण चौपट तेव्हाच धरायची जेव्हा दुसरे पान बघायला पुन्हा पैसे मोजावे लागणार नाहीत. ही अट विसरून चौपट धरणारे फार.

यात सर्वांत अवघड भागाकार नाही. अवघड हे आहे की ६५०च्या राशीत तुम्ही स्वतः आधी टाकलेले दोन-अडीचशे आहेत, आणि ते आता तुमचे नाहीत. ते राशीचे आहेत. ‘इतके घातलेत, आता सोडू कसे’ हे वाक्य हिशेबात कुठेच बसत नाही. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. जूनमध्ये तूर पेरली, पाऊस ओढला, उगवण करपली. दुबार पेरणी करायची की नाही हे ठरवताना जो पहिल्या बियाण्याचा खर्च धरून बसतो तो चुकतो. पहिले बी मातीत गेले. आता विचारायचे एवढेच : नवे बी, नवी मजुरी, उरलेले दिवस आणि पदरात पडू शकणारे पीक. धर्मराजाला सभेत हेच जमले नाही. प्रत्येक डाव तो आधीच्या डावाची भरपाई म्हणून खेळत गेला. महाभारतातच दुसरीकडे, नळाच्या आख्यानात, ऋतुपर्ण राजा रथातून बेहड्याच्या झाडाची पाने-फळे नजरेने मोजून दाखवतो आणि तीच विद्या नळाला देतो, मग नळ आपले राज्य परत जिंकतो. आपल्या पुराणातही फाशांची विद्या आणि मोजण्याची विद्या शेजारी-शेजारी ठेवलेली आहे.

आता मागे उभे असलेल्या मुलांचे चेहरे खुलले आहेत. भागाकार तर येतो, मग जिंकलोच! त्यांच्यासाठी पुढचा भाग.

माझा एक जुना विद्यार्थी, हुशार, बेंगळुरूला नोकरीला. सुट्टीत घरी आला तेव्हा वही घेऊन आला. त्यात त्याने पाच-सहा महिन्यांचे ऑनलाइन डाव लिहिले होते, राशीचा भाव, शक्यता, निर्णय. मी पाच-पंचवीस डाव तपासले. हिशेब बरोबर होता. म्हणाला, ‘सर, चुकतोय कुठे?’ तूर विकून वडिलांनी पुढच्या हंगामाच्या बी-खतासाठी त्याच्या खात्यात ठेवलेले ऐंशी हजार गेले होते, आणि वडिलांना अजून सांगितले नव्हते. तो चांगला खेळत होता. समोरचेही साधारण त्याच्यासारखेच खेळत होते. मग पैसा गेला कुठे?

त्याचे उत्तर मळखेडच्याच ग्रंथात एका कोड्यात आहे. महावीराचार्य सांगतात, कोंबड्यांची झुंज चालली आहे. मंत्र-औषधी जाणणारा एक भारदस्त माणूस तिथे येतो आणि दोन्ही कोंबड्यांच्या मालकांना वेगवेगळे बाजूला घेऊन कानात बोलतो. पहिल्याला म्हणतो, ‘तुझा कोंबडा जिंकला तर पणाची रक्कम मला दे, हरला तर त्या रकमेचे दोन-तृतीयांश मी तुला देईन.’ दुसऱ्यालाही तसेच, फक्त हरल्यास तीन-चतुर्थांश देण्याचे वचन. कोणीही जिंको, याला बारा सुवर्णमुद्रा मिळतात. तर दोघांचे पण किती?

उत्तर बेचाळीस आणि चाळीस. पडताळा घ्या. पहिला जिंकला तर त्याचे ४२ मिळाले, दुसऱ्याला चाळिसाचे तीन-चतुर्थांश म्हणजे ३० दिले, उरले १२. दुसरा जिंकला तर ४० मिळाले, पहिल्याला बेचाळिसाचे दोन-तृतीयांश म्हणजे २८ दिले, उरले १२. कोंबडे रक्तबंबाळ झाले, मालकांचे श्वास अडकले, आणि या गृहस्थाला झुंज बघायचीसुद्धा गरज नव्हती. अकराशे-साडेअकराशे वर्षांपूर्वीचे हे कोडे. मुलांच्या पुस्तकात ते का नाही, मला कळत नाही.

त्या गृहस्थाचा सभ्य अवतार म्हणजे जुगारघराचा मालक. जुन्या भाषेत सभिक. त्याचा दरही आपल्याकडे लिहून ठेवलेला आहे. बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, चालुक्यांचे कल्याण, तिथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, म्हणजे १०७६ ते ११२६ या काळात, विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वाटणीच्या खटल्यांत मिताक्षरेचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. घरोघरी भाऊबंदकी आहेच. पण त्याच स्मृतीत द्यूतसमाह्वय नावाचे प्रकरण आहे. द्यूत म्हणजे फासे, समाह्वय म्हणजे कोंबडे, मेंढे, मल्ल यांच्या झुंजीवरच्या पैजा. त्यात सांगितले आहे की सभिकाने शंभर किंवा अधिक जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घ्यावेत, इतरांकडून शेकडा दहा. त्या बदल्यात राजाचा ठरलेला भाग त्याने द्यायचा आणि हरलेल्याकडून वसूल करून जिंकलेल्याला पैसे मिळवून द्यायचे. मनूने राजाला सांगितले होते की जुगार मोडूनच काढ. याज्ञवल्क्य म्हणतात, देखरेखीखाली एका ठिकाणी चालू दे, म्हणजे चोर तरी सापडतील. बंदी की परवाना हा वाद तेव्हापासूनचा आहे.

सभिकाच्या या कापाला जुगाराच्या अड्ड्यावर नाल म्हणतात, पोकरमध्ये रेक म्हणतात. आणि पोकरच्या जगात पाच टक्के हा आजही सर्रास आढळणारा दर आहे! कल्याणपासून मोबाइलपर्यंत नऊशे वर्षांत भाव तोच.

आता आपला बदामांचा डाव पुन्हा काढा. एकूण रास १,०५०, शक्यता शेहेचाळिसात नऊ. सरासरी हाती येतात २०५ रुपये, टाकले २००. दर वेळी पाच रुपयांचा फायदा. बरोबर निर्णय. आता राशीतून पाच टक्के नाल काढा. रास राहिली साडेनऊशेच्या वर, ९९७ रुपये ५० पैसे. सरासरी हाती येतात १९५. पाचचा फायदा होता, पाचचा तोटा झाला. पाने तीच, भागाकार तोच, खेळाडू तोच. विद्यार्थ्याच्या वहीत हा एक रकाना नव्हता. ॲप तो डाव जिंकलेल्याच्या रकमेतून परस्पर कापून घेते, म्हणून हरताना तो दिसत नाही आणि जिंकताना त्याचे काही वाटत नाही.

एका टेबलाचे चित्र काढू. सहा जण, सारखेच हुशार, प्रत्येकी ३,००० घेऊन बसले. टेबलावर एकूण १८,०००. रोज पन्नास डाव, सरासरी रास ३०० रुपयांची, प्रत्येक राशीतून पाच टक्के म्हणजे १५ रुपये. रोजचे ७५०. चोवीस दिवसांत अठरा हजार संपतात. सहाही जण एकमेकांकडे बघत बसतात की जिंकले कोण! त्या टेबलावर टिकायचे तर नुसते बरोबर खेळून भागत नाही, इतरांपेक्षा इतके बरे खेळावे लागते की नाल भरूनही काही उरेल. असे लोक असतात. थोडे असतात, आणि त्यांचे उत्पन्न बाकीच्यांच्या तोट्यातूनच येते, आकाशातून पडत नाही. त्यात १ ऑक्टोबर २०२३पासून ऑनलाइन पैशांच्या खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. शंभर भरले की सुमारे बावीस कराचे. काही कंपन्यांनी तो बोनसच्या रूपाने स्वतःवर घेतला, पण कुणीतरी भरतच होते. निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के आयकर आणखी वेगळा.

नाल नसली तरी एक गोष्ट उरते. तुमच्याकडे हजार, समोरच्याकडे नऊ हजार, खेळ नाणेफेकीसारखा चोख, एकेक रुपयाचा, कुणीतरी एक संपेपर्यंत. तुम्ही संपण्याची शक्यता शंभरात नव्वद. कौशल्य सारखे, नाणे चोख, फक्त थैली लहान. बी-खताचे पैसे घेऊन बसलेल्याची थैली नेहमीच लहान असते.

मटक्याबद्दल थोडक्यात, कारण तिथे भागाकार शाळकरी आहे. इकडे त्याला ओसी म्हणतात, ओपन-क्लोज. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरून मुंबईत सुरू झालेली ही पैज १९६०च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या नावाने गावोगाव पोचली. आकडे दहा, शून्य ते नऊ. लागला तर रुपयाला नऊ रुपये, हा सर्रास चालणारा भाव. म्हणजे शक्यता दहा टक्के आणि मागितलेला भाव अकरा टक्क्यांच्या वर. जोडीत शंभरात एक आणि रुपयाला नव्वद, तेच गणित. दहाही आकड्यांवर दहा-दहा लावा, शंभर द्या आणि नव्वद घेऊन या. जुने आकडे मांडून चार्ट काढणारे पंडित आपल्याकडे पानपट्टीगणिक आहेत. त्यांचा अभ्यास मोठा असतो. त्यांनी तो एका ओळीचा भागाकार मात्र केलेला नसतो.

कायद्याचे विचारतात म्हणून सांगतो. पत्त्यांवरचा जो निकाल सगळे वकील दाखवतात तो सर्वोच्च न्यायालयाचा १९६८चा म्हणून ओळखला जातो, न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचा. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी चालली होती आणि खटला होता हैदराबाद जुगार कायद्याखाली, सन १३०५ फसली. फसली म्हणजे काय हे इथल्या जुन्या घरांना सांगायला नको, आपली शेताची कागदे त्याच सनातली आहेत. १९५६पर्यंत बिदर आणि गुलबर्गा त्याच राज्यात होते. न्यायालयाने म्हटले की रमीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते धरायचे कोणते टाकायचे हे ठरवावे लागते, म्हणून ती मुख्यतः कौशल्याची. तीनपत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही. हे वाक्य सगळे सांगतात. त्याच निकालातले दुसरे वाक्य कुणी सांगत नाही : क्लबचा मालक त्या खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. म्हणजे न्यायालयानेही पानांइतकेच सभिकाकडे बघितले होते.

कर्नाटकाने ऑक्टोबर २०२१मध्ये ऑनलाइन पैजांवर बंदी आणली, उच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ला ती रद्द केली. मग ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांविरुद्ध कायदा केला, कौशल्य असो की नशीब. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या ॲपांनी पैशांचे डाव थांबवले. मला त्याचे बरे वाटले. पण बाहेरदेशीच्या साइट, निरोप्यावरून चालणारी ओसी आणि मांडवामागची सतरंजी या कायद्याने गुंडाळल्या जातील असे मी तरी धरून चाललो नाही. म्हणून हा कागद-पेनाचा खटाटोप.

कार्यक्रमाआधी चहाला बसलो असता एक काका म्हणाले, ‘सर, मग पीकविमा हाही जुगारच की! हप्ता भरायचा, पीक बुडाले तर पैसे.’ प्रश्न नेमका आहे. त्यालाही राशीचा भाव लावून बघू. प्रधानमंत्री पीकविम्यात खरिपाला शेतकऱ्याचा हप्ता शंभराला जास्तीत जास्त दोन. म्हणजे मागितलेला भाव दोन टक्के. पन्नास हंगामांत एकदा पूर्ण पीक बुडाले, किंवा दहा हंगामांत एकदा पाचवा हिस्सा बुडाले, तरी हिशेब जुळतो. आपल्या कोरडवाहू काळ्या रानात पाऊस यापेक्षा जास्त वेळा दगा देतो, हे इथे कुणीही सांगेल. भाव इतका कमी का, तर खऱ्या हप्त्याचा उरलेला भाग केंद्र आणि राज्य सरकार भरते. मटक्यात तिसरा माणूस राशीतून काढून घेतो, इथे तिसरा राशीत घालतो. अडचणी आहेत, भरपाई तुमच्या बांधावर ठरत नाही, होबळी किंवा ग्रामपंचायतीच्या सरासरीवर ठरते, आणि पैसे यायला वेळ लागतो, त्याबद्दल भांडावेच. आणि समजा सरकारने काही घातले नसते, भाव थोडा चढा असता, तरी लहान थैलीच्या माणसाने विमा घेणे शहाणपणाचे ठरते, कारण वर्षाला थोडे जाणे आणि एका वर्षात सगळे जाणे या दोन गोष्टी त्याच्यासाठी सारख्या नाहीत. पोकर खेळणारा लहान थैली घेऊन सर्वनाशाची शक्यता विकत घेतो, विमा घेणारा तीच शक्यता विकून टाकतो.

एक गोष्ट राहिली. उद्या दुपारी तीन वाजता मुलांसाठी इथेच पत्त्यांचा डाव ठेवला आहे. आयांनी घाबरू नये, पैसे नाहीत, चिंचोके आहेत. प्रत्येकाने साठ-साठ चिंचोके आणि एक पेन्सिल आणायची. दर डावाला राशीचा भाव मुले स्वतः काढतील. मी सभिक होणार आहे आणि वीस चिंचोक्यांमागे एक काढून माझ्या डब्यात टाकणार आहे. आरतीपर्यंत खेळू, मग सगळ्यांचे चिंचोके मोजू आणि माझा डबाही.